ज्यूद्वेषाशी लढणारी संघटना आणि तिचे तज्ज्ञ सल्लागार: आयएचआरएबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहास शिकवणारे शिक्षक, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि दुसऱ्या महायुद्धावर वाचन करणारे वाचक यांच्याकडून आयएचआरएबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. तिने केलेल्या ज्यूद्वेषाच्या व्याख्येवरचे वाद बातम्यांत आले की त्यांची संख्या वाढते. प्रश्न ज्या शब्दांत येतात साधारण त्याच शब्दांत ते इथे दिले आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक सांगितला आहे.

1. आयएचआरए म्हणजे काय? ही एखादी स्वयंसेवी संस्था आहे का?

नाही, ही सरकारांची संघटना आहे. पूर्ण नाव इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेम्ब्रन्स अलायन्स. तिचे 35 देश सदस्य आहेत, कायमचं कार्यालय बर्लिनमध्ये आहे आणि अध्यक्षपद दरवर्षी वेगळ्या देशाकडे जातं. 2020 मध्ये ते जर्मनीकडे होतं, 2024 मध्ये ब्रिटनकडे, 2025 मध्ये इस्रायलकडे. होलोकॉस्ट म्हणजे नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी केलेली सुमारे 60 लाख ज्यूंची हत्या. होलोकॉस्टचं शिक्षण, स्मरण आणि संशोधन या तीन कामांसाठी संघटना निघाली. ज्यूद्वेषाविरुद्धचं काम त्यातूनच पुढे आलं, कारण ज्यूद्वेष समजून घेतल्याशिवाय होलोकॉस्ट शिकवताच येत नाही.

सरकारी संघटना अनेक आहेत. हिचं वेगळेपण असं की प्रत्येक देशाच्या शिष्टमंडळात परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याशेजारी इतिहासकार, संग्रहालयाचे अभ्यासक आणि शिक्षणतज्ज्ञ बसतात. म्हणून तिच्याबद्दल बोलायचं तर या सल्लागारांबद्दल बोलावंच लागतं.

2. तज्ज्ञांना सोबत घ्यायची कल्पना कुणाची?

स्वीडनचे तेव्हाचे पंतप्रधान योरान पर्सन यांची. नव्वदच्या दशकात स्वीडनमधल्या शाळकरी मुलांच्या एका पाहणीमुळे, मुलांना होलोकॉस्टची फारशी माहिती नाही, काहींना तर तो घडला याचीच खात्री नाही, अशी चिंता तिथे पसरली. पर्सन यांनी त्यावर मोठी शैक्षणिक मोहीम काढली. 1998 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांना सोबत घेऊन त्यांनी एक आंतरराष्ट्रीय कृतीगट स्थापन केला आणि अगदी सुरुवातीलाच एका इतिहासकाराला शैक्षणिक सल्लागार म्हणून बोलावलं. ते इतिहासकार म्हणजे येहुदा बाउअर.

बाउअर यांचा जन्म 1926 चा, प्रागमधला. मार्च 1939 मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरत होत्या त्याच सुमारास त्यांचं कुटुंब रेल्वेने निघालं आणि पॅलेस्टाइनला पोहोचलं. पुढे ते वेल्समधल्या कार्डिफला शिकले, किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीवर राहिले, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकवू लागले. 27 जानेवारी 1998 रोजी जर्मन संसदेत बोलताना त्यांनी बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये आणखी तीन जोडाव्यात असं सुचवलं होतं: तुम्ही आणि तुमची मुलंबाळं कधी अत्याचार करणारे होऊ नका, कधी अत्याचाराचे बळी होऊ नका, आणि कधीही नुसते बघे होऊ नका. मला वाटतं, संघटनेच्या पुढच्या सगळ्या कामाचा सूर या तिसऱ्या आज्ञेत आहे.

जानेवारी 2000 मध्ये स्टॉकहोमला परिषद भरली. 46 सरकारांचे प्रतिनिधी आले, त्यांत 23 राष्ट्रप्रमुख किंवा पंतप्रधान होते. तिथे आठ कलमांचं स्टॉकहोम घोषणापत्र मंजूर झालं आणि आजही सदस्य देशाला ते मान्य करावं लागतं. कृतीगटाचं नाव 2013 मध्ये बदलून आयएचआरए झालं. बाउअर अखेरपर्यंत मानद अध्यक्ष राहिले. ऑक्टोबर 2024 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी ते गेले.

3. हे तज्ज्ञ नेमके कोण असतात? त्यांना कोण नेमतं?

नेमतं त्या त्या देशाचं सरकार. विद्यापीठातले इतिहासकार, स्मारकं आणि संग्रहालयं चालवणारे, अभिलेखागारातले लोक, शिक्षकांना प्रशिक्षण देणारे अशी माणसं यात असतात. शिष्टमंडळं वर्षातून दोनदा सर्वसाधारण सभेला जमतात. खरं काम त्याआधी कार्यगटांत आणि समित्यांत होतं: शिक्षण, संशोधन, स्मारकं व संग्रहालयं हे कार्यगट, आणि ज्यूद्वेष व होलोकॉस्ट-नकार, युरोपातल्या रोमा या अल्पसंख्य समाजाचा वंशसंहार अशा विषयांच्या समित्या. युनेस्को, युरोप परिषद, युरोपातली सुरक्षा व सहकार्य संघटना यांचे लोकही कायमचे भागीदार म्हणून बसतात.

तज्ज्ञ मसुदा करतात, शिफारस करतात. मंजुरी मात्र सरकारांच्या शिष्टमंडळप्रमुखांची, आणि तीही सर्वसहमतीने. एकाही देशाने अडवलं तर कागद पुढे सरकत नाही. त्यामुळे इथे मंजूर होणारा प्रत्येक मजकूर सावध शब्दांत असतो. वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे बरेच गैरसमज टळतात.

4. सल्ला देतात म्हणजे प्रत्यक्षात करतात काय? नुसत्या बैठका?

बैठका भरपूर असतात, पण कामही असतं. दोन उदाहरणं देते.

पहिलं शिक्षकांच्या उपयोगाचं आहे. 2019 मध्ये शिक्षण कार्यगटाने होलोकॉस्ट शिकवण्यासाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. वर्गात मुलांना नाझी अधिकारी किंवा छावणीतले कैदी ‘व्हायला’ लावणारे खेळ आणि नाट्यप्रवेश टाळा, असं त्यात बजावलं आहे. अशा प्रयोगातून मुलांना कैद्याचं दुःख कळत नाही. उलट ‘कळलं’ असा भ्रम होतो, आणि काही मुलांना छळणाऱ्याची भूमिकाच जास्त आवडते. अंगावर येणारी छायाचित्रं केवळ धक्का देण्यासाठी दाखवू नयेत, मेलेल्या माणसाचीही अप्रतिष्ठा होऊ देऊ नये, हाही आग्रह आहे. ज्यूंची ओळख फक्त बळी म्हणून करून देऊ नका, युद्धाआधी ते कसे जगत होते, काय वाचत होते, कुठे व्यापार करत होते तेही शिकवा, हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांत हौसेने बसवले जाणारे छावणीचे प्रसंग पाहिले की या शिफारशी प्रत्येक शाळेत पोहोचायला हव्यात असं वाटतं.

दुसरं उदाहरण जमिनीखालचं. पूर्व युरोपात लाखो ज्यूंना छावणीत न नेता गावाबाहेरच्या जंगलात, खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घातल्या गेल्या. यातल्या कितीतरी जागांवर आज साधा फलकही नाही. या जागा शोधणं, नकाशावर आणणं आणि जपणं यावर आयएचआरएच्या तज्ज्ञांनी बरंच काम केलं. 2014 मध्ये क्राकोला या विषयावर परिषदही झाली. अडचण अशी की ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे कबर उकरणं निषिद्ध आहे. मग कुदळ न लावता जागा ओळखायची कशी? ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅरोलिन स्टर्डी कॉल्स यांनी 2010 पासून पोलंडमध्ये ट्रेब्लिंका या नाझी मृत्यूछावणीच्या जागी हेच केलं. जमिनीत लहरी सोडणारं रडार, जुनी हवाई छायाचित्रं आणि वाचलेल्यांच्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहत त्यांनी सामूहिक कबरींच्या जागा दाखवल्या. इथे काही राहिलंच नाही, सगळं नाझींनी मिटवलं, अशी समजूत तोवर होती. पुरातत्त्वज्ञ, रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि स्थानिक प्रशासन या तिघांनाही मान्य होईल अशी पद्धत ठरवायला तज्ज्ञ सल्लागार लागतात ते अशा वेळी.

5. त्यांनी केलेली ज्यूद्वेषाची व्याख्या काय आहे? सोप्या मराठीत सांगा.

26 मे 2016 रोजी बुखारेस्टच्या सभेत ती मंजूर झाली. आशय असा: ज्यूद्वेष म्हणजे ज्यूंकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टी, जी ज्यूंच्या तिरस्कारातून व्यक्त होऊ शकते; तो शब्दांतून किंवा कृतीतून ज्यू वा ज्यू नसलेल्या व्यक्तींवर, त्यांच्या मालमत्तेवर, ज्यू समाजाच्या संस्थांवर आणि प्रार्थनास्थळांवर रोखलेला असतो.

ज्यू नसलेल्यांचा उल्लेख अनेकांना कोड्यात टाकतो. एखाद्याला ज्यू समजून मारलं आणि तो ज्यू नव्हता, तरी हल्ल्यामागचा हेतू ज्यूद्वेषाचाच, हा त्याचा अर्थ.

व्याख्येपाठोपाठ अकरा उदाहरणं येतात. ज्यू जगभरची माध्यमं आणि बँका गुपचूप चालवतात असं म्हणणं, एका ज्यू माणसाच्या कृत्यासाठी सगळ्या ज्यूंना जबाबदार धरणं, होलोकॉस्ट नाकारणं, ज्यू नागरिकांवर स्वतःच्या देशापेक्षा इस्रायलशी जास्त निष्ठा असल्याचा आरोप करणं, ही त्यातली काही. अकरांपैकी सात उदाहरणं इस्रायलशी संबंधित आहेत आणि वाद तिथेच आहे. त्यासाठी प्रश्न 7 पाहा.

6. व्याख्या आयएचआरएच्याच तज्ज्ञांनी लिहिली का?

मूळ मजकूर त्यांचा नाही. 2004 च्या सुमारास युरोपीय संघाच्या वंशवाद-निरीक्षण केंद्राच्या लक्षात आलं की ज्यूद्वेषाच्या घटना मोजताना प्रत्येक देश वेगळा निकष लावतो. एका देशाचे पोलिस भिंतीवर काढलेल्या नाझी स्वस्तिकाची नोंद करत, दुसऱ्या देशात ती नुसती नासधूस धरली जाई. आकड्यांची तुलनाच होईना. मग अमेरिकन ज्यू कमिटीमध्ये काम करणारे वकील केनेथ स्टर्न यांनी इतर अभ्यासकांशी चर्चा करत मसुदा तयार केला आणि जानेवारी 2005 मध्ये केंद्राने तो कामचलाऊ व्याख्या म्हणून प्रसिद्ध केला. उद्देश घटनांची नोंद नीट व्हावी एवढाच. पुढे त्या केंद्राच्या जागी आलेल्या संस्थेने 2013 मध्ये मजकूर आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला. आयएचआरएच्या ज्यूद्वेषविषयक समितीने, मार्क वाइट्समन अध्यक्ष असताना, तो थोड्या फेरफारांसह पुन्हा पुढे आणला.

7. इस्रायल सरकारवर टीका केली तर मी ज्यूद्वेष्टा ठरतो का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. व्याख्येतलंच उत्तर आधी: इतर कुठल्याही देशावर होते तशा प्रकारची इस्रायलवरची टीका ज्यूद्वेष मानता येणार नाही. हे वाक्य मजकुरातच आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी ते पुन्हा पुन्हा वाचायला हवं.

गाझामधल्या लष्करी कारवाईला विरोध करणं, वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या इस्रायली वसाहती बेकायदा आहेत म्हणणं, पंतप्रधानांच्या राजीनाम्याची मागणी करणं, यांत आपोआप ज्यूद्वेष नाही. हे सगळं इस्रायलमधले लाखो ज्यू स्वतः करतात. आता दुसऱ्या टोकाला पाहा. इस्रायलचा राग म्हणून पॅरिसमधल्या ज्यू दुकानाची काच फोडली, शाळेतल्या ज्यू मुलीला ‘तुम्ही लोक लहान मुलांना मारता’ म्हटलं, हा निखळ ज्यूद्वेष आहे. ‘ज्यू लोक लहान मुलांचं रक्त वापरतात’ हा तर मध्ययुगापासूनचा आरोप आहे आणि त्यापायी कित्येक वस्त्या जाळल्या गेल्या. तीच प्रतिमा आज व्यंगचित्रात इस्रायली नेत्याच्या तोंडी रक्त दाखवून येते तेव्हा जुनं विषच नव्या बाटलीत येत असतं.

मधला पट्टा कठीण आहे. इस्रायलच्या धोरणाची नाझींशी तुलना, इस्रायलचं अस्तित्वच वंशवादी आहे असं म्हणणं, इतर लोकशाही देशांकडून ज्या वागण्याची अपेक्षा नाही ती इस्रायलकडून करणं, ही व्याख्येतली उदाहरणं आहेत. पण उदाहरणांच्या आधी ‘एकूण संदर्भ लक्षात घेता’ आणि ‘असू शकतात’ अशी भाषा आहे. म्हणजे एखादं वाक्य या यादीत बसलं म्हणून निकाल लागत नाही. कोण बोललं, कुठे, कुणाला उद्देशून, काय परिणाम झाला हे पाहावं लागतं. माझं मत स्पष्ट सांगते: ‘संदर्भ पाहून’ ही अट गाळून जो ही यादी वापरतो, तो सल्ला अर्धाच वाचतो. आणि पॅलेस्टिनींची बाजू मांडणाऱ्याला गप्प करण्यासाठी जो ती वापरतो, तो खऱ्याखुऱ्या ज्यूद्वेषाविरुद्धचं हत्यार बोथट करतो.

8. म्हणजे ही व्याख्या कायदा आहे की नाही?

नाही. मजकुराच्या माथ्यावरच ‘कायदेशीर बंधन नसलेली कामचलाऊ व्याख्या’ असं लिहिलेलं आहे. गुन्हा कशाला म्हणायचं ते प्रत्येक देशाचा कायदाच ठरवतो.

तरी सरकारांनी ती स्वीकारली आहे. ब्रिटनने डिसेंबर 2016 मध्ये, जर्मनीने सप्टेंबर 2017 मध्ये. पोलिसांचं प्रशिक्षण, घटनांची नोंद, शिक्षकांची तयारी यासाठी ती कशी वापरावी याची पुस्तिका युरोपीय आयोगाने आयएचआरएसोबत जानेवारी 2021 मध्ये काढली. अमेरिकेत डिसेंबर 2019 च्या अध्यक्षीय आदेशाने विद्यापीठांमधल्या भेदभावाच्या तक्रारी तपासताना ती विचारात घ्यायला सांगितलं, आणि मसुदा करणारे स्टर्न स्वतः जाहीरपणे विरोधात उभे राहिले. आकडेवारीसाठी लिहिलेला मजकूर महाविद्यालयातल्या बोलण्यावर पहारा ठेवायला वापरू नका, हा त्यांचा मुद्दा. ब्रिटनच्या मजूर पक्षातही 2018 मध्ये यावरून मोठं वादळ झालं. आधी पक्षाने काही उदाहरणं वगळली आणि सप्टेंबरमध्ये सगळी स्वीकारली.

9. तज्ज्ञांतच एकमत नाही, मग सामान्य माणसाने विश्वास कुणावर ठेवायचा?

मतभेद खरे आहेत. मार्च 2021 मध्ये ज्यूद्वेष, होलोकॉस्ट आणि मध्यपूर्वेचा अभ्यास करणाऱ्या सुमारे 200 विद्वानांनी जेरुसलेम घोषणापत्र काढलं. त्यात ज्यूंविरुद्ध ते ज्यू आहेत म्हणून केलेला भेदभाव, पूर्वग्रह, शत्रुत्व किंवा हिंसा अशी नेमकी व्याख्या आणि सोबत पंधरा मार्गदर्शक सूत्रं आहेत. इस्रायलवर बहिष्काराची मागणी करणं हे आपोआप ज्यूद्वेषाचं लक्षण नाही, असं ते सांगतं. आयएचआरएच्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की या मजकुरामुळे आजचा ज्यूद्वेष इस्रायलचं नाव पुढे करून निसटतो. आयएचआरएची उदाहरणं व्याख्येचा अविभाज्य भाग आहेत की नुसती सोबत जोडलेली, यावरही वाद चालू आहे. संघटना ती भागच मानते.

पण एकमत कुठे आहे तेही पाहा. ज्यूंच्या जागतिक कटाची कहाणी, होलोकॉस्टचा नकार, प्रार्थनास्थळांवरचे हल्ले, ज्यू शेजाऱ्याकडून इस्रायलच्या कृत्यांचा जाब मागणं: यावर दोन्ही गटांत काडीचाही मतभेद नाही. रोज घडणारे बहुतेक प्रकार याच यादीतले असतात.

10. अरबही सेमाइट आहेत, मग अरब माणूस ज्यूद्वेष्टा कसा असेल?

‘सेमिटिक’ हे हिब्रू आणि अरबी ज्यात येतात त्या भाषांच्या कुळाचं नाव आहे. ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द मात्र एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रूढ झाला तो फक्त ज्यूंच्या विरोधासाठी, त्याला शास्त्रीय वाटावं असं रूप देण्यासाठी. याच घोळापायी आयएचआरएच्या समितीने 2015 मध्ये इंग्रजीत हा शब्द जोडरेघेशिवाय, सलग लिहायची सूचना केली. मराठीत सरळ ‘ज्यूद्वेष’ लिहिलं की प्रश्न उरतच नाही.

11. होलोकॉस्ट नाकारणं आणि त्याचा विपर्यास करणं, यात फरक काय?

नाकारणारा म्हणतो, घडलंच नाही: गॅस चेंबर नव्हते, माणसं रोगराईने गेली. असा माणूस चटकन ओळखू येतो. विपर्यास करणारा घडलं हे मान्य करतो, पण आकडा कमी करतो, स्थानिक मदतनीसांचा वाटा झाकतो, दोष ज्यूंवरच टाकतो किंवा सगळं खापर एकट्या जर्मनांवर फोडून आपल्या देशाला सोडवून घेतो. 2013 मध्ये टोरोंटोला मंजूर झालेल्या व्याख्येत हे दोन्ही प्रकार नोंदवले आहेत. विपर्यास ही आजची मोठी डोकेदुखी आहे, असं तज्ज्ञ सांगतात. 2021 मध्ये त्यांनी धोरणकर्त्यांसाठी खास शिफारशीही काढल्या.

करोनाच्या काळात लशीला विरोध करणाऱ्या काही निदर्शकांनी छातीवर पिवळा तारा लावला होता. नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेली ती खूण. लस न घेतल्याने हॉटेलात प्रवेश न मिळणं आणि त्या खुणेमुळे मृत्यूच्या गाडीत चढवलं जाणं यांची बरोबरी करणं हा विपर्यासच.

12. सरकारनेच नेमलेले तज्ज्ञ सरकारच्या विरोधात बोलतील का?

ही या रचनेची खरी परीक्षा आहे. कधी बोलतात, कधी नाही. 2018 चा प्रसंग सांगते. पोलंडने कायद्यात दुरुस्ती केली: नाझींच्या गुन्ह्यांसाठी पोलिश राष्ट्राला जबाबदार धरणाऱ्याला तुरुंगवास. जगभरच्या इतिहासकारांनी आक्षेप घेतला, कारण ज्यूंना लपवणारे पोलिश लोक होते तसेच त्यांना पकडून देणारेही होते, आणि दुसऱ्या गोष्टीवर संशोधन करणं धोक्याचं होणार होतं. जूनमध्ये शिक्षेची तरतूद मागे घेतली गेली. त्याच वेळी पोलंड आणि इस्रायल यांच्या पंतप्रधानांनी संयुक्त निवेदन काढलं. त्यावर जुलैमध्ये इस्रायलच्याच याद वाशेम या होलोकॉस्ट-स्मरणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या इतिहासकारांनी जाहीर केलं की निवेदनात गंभीर चुका आणि दिशाभूल आहे. बाउअर यांनी तर याला विश्वासघात म्हटलं. नव्वदी ओलांडलेला, आयएचआरएचा मानद अध्यक्ष असलेला माणूस आपल्याच देशाच्या पंतप्रधानांबद्दल हे बोलत होता.

सल्लागाराचं मोल अशा वेळी ठरतं. जो अभ्यासक फक्त परक्यांच्या चुका दाखवतो त्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

13. फक्त ज्यूंचंच का? बाकीच्यांचं दुःख दुःख नाही?

बाकीच्यांचंही आहे, आणि संघटनेच्या कामात ते आहे. नाझींनी रोमा आणि सिंती समाजाच्याही मोठ्या संख्येने हत्या केल्या. त्यासाठी वेगळी समिती आहे आणि ऑक्टोबर 2020 मध्ये रोमाविरोधी भेदभावाचीही व्याख्या मंजूर झाली. हा समाज हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून गेला, त्याच्या भाषेतले आकडे मराठी कानाला सहज ओळखू येतात. इतर वंशसंहारांशी तुलना करण्याचं कामही चालतं. तुलना अभ्यासासाठी असावी, कुणाचं दुःख मोठं हे ठरवण्यासाठी नाही, ही त्यातली शिस्त.

14. भारत सदस्य आहे का? आणि आपल्याकडे तर ज्यूद्वेष कधी नव्हताच ना?

भारत सदस्य नाही.

दुसरा प्रश्न अभिमानाने विचारला जातो आणि त्यात तथ्यही आहे. अलिबागजवळ नौगावला जहाज फुटून आलेले पूर्वज, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं ‘शनवार तेली’ हे नाव: बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाच्या आठवणींत कोकणातल्या शेजाऱ्यांनी केलेला छळ नाही. मुंबईत मांडवीतलं शाआर हा रहमीम हे त्यांचं प्रार्थनास्थळ 1796 चं आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांनी तिथूनही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. नाझींपासून पळालेल्यांनाही मुंबईने आसरा दिला. 1934 मध्ये प्रागहून आलेले संगीतकार वाल्टर काउफमान त्यांतलेच, आणि आकाशवाणीची सकाळची ओळखधून त्यांची मानली जाते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी कुलाब्याच्या अरुंद गल्लीतलं नरिमन हाऊस मुद्दाम निवडलं. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा जणांना मारलं, ते ज्यू म्हणून. 2006 मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने विरोध केल्यावर मालकाने नाव बदललं. हिटलरचं आत्मचरित्र आजही पदपथावर यशाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं दिसतं. यामागे बहुधा द्वेष नसतो, अज्ञान असतं, आणि अज्ञानावर शिक्षण हा उपाय आहे. प्रश्न 4 मधल्या शिफारशी आपल्याला लागू पडतात त्या इथे.

15. कडक मुख्याध्यापकांना सगळे ‘हिटलर’ म्हणतात. हाही ज्यूद्वेष का?

नाही. पण सवय सोडण्यासारखी आहे, कारण ती ऐकत वाढलेल्या मुलाला हिटलर म्हणजे ‘शिस्तीचा माणूस’ वाटू लागतो. वर्गात कुणी असं म्हटलं तर रागवू नका, त्या नावामागे काय घडलं ते त्याच तासाला सांगा.

16. विद्यार्थी विचारतो, ‘60 लाख हा आकडा फुगवलेला नाही कशावरून?’ काय सांगू?

प्रश्न विचारला म्हणून मुलाला झापू नका. आकडा कसा आला ते सांगा. युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्युर्नबर्ग खटल्यात एसएस या नाझी दलाचा अधिकारी विल्हेल्म ह्योटल याने शपथेवर सांगितलं की ज्यूंना छावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आइखमननेच आपल्याला छावण्यांत 40 लाख आणि इतर मार्गांनी 20 लाख असा हिशेब दिला होता. इतिहासकार तिथे थांबले नाहीत. युद्धाआधीच्या आणि नंतरच्या जनगणना, रेल्वेच्या याद्या, गोळीबार पथकांनी बर्लिनला पाठवलेले अहवाल असे निरनिराळे स्रोत त्यांनी तपासले. राऊल हिलबर्ग यांचा हिशेब 51 लाखांचा. जर्मन इतिहासकार वोल्फगांग बेंझ यांच्या 1991 च्या अभ्यासात किमान सुमारे 53 लाख आणि वरची मर्यादा 60 लाखांच्या थोडी पुढे. वेगवेगळ्या वाटांनी गेलेले अभ्यासक इतक्या जवळ पोहोचतात.

याशिवाय याद वाशेमकडे साक्षीची पानं आहेत. नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस एका मृतासाठी एक पान भरतो: नाव, आईवडिलांची नावं, जन्मगाव, व्यवसाय, मृत्यू कुठे झाला, आणि खाली भरणाऱ्याची सही. ही पानं आणि इतर कागदपत्रं मिळून 48 लाखांहून अधिक नावं जमली आहेत आणि कुणालाही ती शोधता येतात. मुलाला एखाद्या गावाचं नाव घालून यादी उघडायला लावा.

17. आमच्या संस्थेला या विषयावर सल्लागार नेमायचे आहेत. काय पाहावं?

नुसता नावाजलेला वक्ता नको. ज्याने अभिलेखागारात काम केलं आहे किंवा वर्गात हा विषय शिकवला आहे असा माणूस घ्या. एक इतिहासकार, एक शिक्षक आणि कायदा जाणणारं एक जण एवढे असले तरी सुरुवात होते. मुंबई, ठाणे, रायगडमध्ये बेने इस्रायल कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या कुणाला तरी पहिल्या बैठकीपासून बोलवा, कार्यक्रमाच्या दिवशी दीपप्रज्वलनापुरतं नव्हे. दिलेला सल्ला लेखी असावा आणि संस्थेने तो नाकारला तर कारणासह नोंद व्हावी. इस्रायल-पॅलेस्टाइनबद्दल सल्लागारांची मतं वेगळी असतील तर असू द्या, फक्त प्रश्न 9 च्या शेवटी दिलेल्या गोष्टींवर ते एक आहेत ना, तेवढं आधीच विचारून घ्या.